शेवग्याचं झाड यादीत नव्हतं
(खडकीच्या लोकजीवनावरील पुस्तकाची प्रस्तावना)

वडील निवृत्त झाले आणि रेंजहिल्सचं क्वार्टर सोडायची वेळ आली. शेवटच्या दिवशी एक कारकून यादी घेऊन आला. दिवे किती, पंखे किती, खिडक्यांच्या शाबूत काचा किती, नळाच्या तोट्या, दारांच्या कड्या, सगळं त्या यादीत होतं आणि ओळीओळीपुढे तो खूण करत चालला होता. मागच्या अंगणात शेवग्यापाशी मात्र थबकला. कागद उलटापालटा करून पाहिला, 'हे आमच्याकडे नाही' एवढं पुटपुटला आणि पुढे गेला. तो शेवगा शेजारच्या अम्मांनी लावून दिलेला. आपल्या झाडाची मनगटाएवढी फांदी त्यांनी तोडून आणली, पावसाच्या तोंडावर आमच्या अंगणात खोचली आणि आईला बजावलं, पाला फेकायचा नाही, त्याचीही भाजी होते. आम्ही निघालो तेव्हा झाड छपराच्या वर गेलं होतं. सरकारी हिशेबात ते कधी उगवलंच नव्हतं.

हे पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा तो कारकून सारखा आठवत राहिला. खडकीबद्दलच्या याद्यांना काही तोटा नाही. गॅझेटियर आहेत, पलटणींचे इतिहास आहेत, कबरींची नोंदवही आहे, जमिनीच्या एकेका तुकड्याचं लष्करी दप्तर आहे. या सगळ्यांत खडकी सापडते, खडकीकर सापडत नाहीत. यादीबाहेर जे राहिलं तेवढंच लिहायचं असं आधी मनाशी ठरवलं होतं. पण यादी कशी बनली हे कळल्याखेरीज तिच्यातून काय निसटलं ते सांगता येईना. म्हणून या प्रस्तावनेत दोन्ही आहे, आणि वाचकाला मध्येच ब्रिगेडी आणि पलटणी भेटल्या तर त्यांनी वैतागू नये.

पुणे स्टेशनाहून लोणावळ्याच्या लोकलने निघालं की शिवाजीनगरनंतर खडकी लागते. उत्तरेला मुळा नदी वळण घेत जाते, तिच्या पलीकडे दापोडी. दक्षिणेला गणेशखिंडीचं पठार. मधल्या पट्ट्यात दारूगोळ्याचे कारखाने, सॅपर्सचं केंद्र, डेपो, वर्कशॉप, परेडची मैदानं, आणि या सगळ्यांच्या मध्ये चेपून बसलेला खडकी बाजार. नाव खडकाळ जमिनीवरून आलेलं दिसतं. महाराष्ट्रात खडकी नावाची गावं खंडीभर आहेत. मलिक अंबरने जिथे शहर वसवलं आणि पुढे जे औरंगाबाद झालं तेही मुळात खडकीच. इंग्रजांच्या जिभेला 'ख' आणि 'ड' दोन्ही जड गेले, म्हणून कागदोपत्री 'किरकी' झालं. लष्करी पाट्यांवर ते अजून तसंच आहे. त्यामुळे एकाच वस्तीला दोन नावं पडली: पगाराचं गाव किरकी आणि राहण्याचं गाव खडकी.

शाळेच्या पुस्तकात खडकी एकदाच येते, 5 नोव्हेंबर 1817 ला, आणि त्याच संध्याकाळी संपते. लढाईचा तपशील बहुतेकांना ठाऊक असतो असं आपण धरून चालतो, पण ज्यांचं घर त्या मैदानावर आहे त्यांनाही तो नसतो, असा माझा अनुभव. थोडक्यात सांगते. रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरच्या बंगल्यात राहत असे. इंग्रजांची छावणी तोवर पुणे शहराला लागून पूर्वेकडे होती. ती नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवशी शहरापासून लांब, खडकीला हलली. पाचव्या दिवशी दुपारी एल्फिन्स्टनही बंगला सोडून तिथे येऊन मिळाला, आणि मागे तो बंगला त्याच्या ग्रंथांसकट जळाला. कर्नल बर याच्या हाताखाली तीन हजारांच्या आतबाहेर फौज होती. समोर बापू गोखल्यांचं सैन्य त्याच्या कितीतरी पट. दुसरा बाजीराव पर्वतीवरून पाहत होता.

या लढाईतली एक गोष्ट मला कधी सोडवत नाही. दापोडीला फोर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची एक कवायती पलटण होती. ती उभी राहिली होती पेशव्यांच्या चाकरीत, पेशव्यांच्या पैशांवर. ऐन वेळी ती नदीकडून येऊन इंग्रजांच्या फळीला मिळाली. मराठ्यांचा जरीपटका ज्यांच्या हाती होता ते मोरो दीक्षित या फोर्डचे स्नेही. लढाईत ते पडले, आणि ज्या तोफेच्या माऱ्याने पडले ती फोर्डच्याच पलटणीची होती, असं ग्रँट डफ नोंदवतो. हा ग्रँट डफ म्हणजे पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच. तो त्या दिवशी तिथे हजर होता. चाल करून येणारं घोडदळ पाहून त्याला खंबातच्या आखातात उसळणारी भरतीची भिंत आठवली. ती भिंत पोचली नाही. इंग्रजांच्या डाव्या बगलेपुढे दलदल होती, घोडी तिच्यात रुतली आणि हल्ल्याचा जोर तिथेच ओसरला. गावाचं नाव खडकी आणि निकाल लावला चिखलाने. इंग्रजांकडचे मेलेले-जखमी मिळून शंभराच्या आत, मराठ्यांकडचे पाचशेच्या सुमारास. लढाईनंतर बाराव्या दिवशी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं.

इथे पुस्तकातली खडकी संपते. माझी खडकी सुरू होते ती यानंतर, कारण जिंकलेली फौज परत गेली नाही.

फौज म्हटली की डोळ्यांपुढे शिपाई येतात. पण एका गोऱ्या पलटणीमागे किती माणसं लागत असतील याचा अंदाज कुठल्याही तंबूच्या मागच्या बाजूला उभं राहून घ्यावा. धोबी, भिस्ती, खाटीक, शिंपी, चांभार, न्हावी, घोड्यांचे मोतद्दार, खानसामे, गवताच्या गाड्या हाकणारे, दूध घालणारे गवळी, उधार देणारे मारवाडी. मराठी फौजांच्या मागे हिंडणाऱ्या अशा लोकांना आपण बुणगे म्हणून मोडीत काढलं आणि पानिपतचं खापरही बरंचसं त्यांच्या डोक्यावर फोडलं. इंग्रजांनी आपल्या बुणग्यांना जागा आखून दिली, भाव ठरवून दिले, गटारं कशी असावीत तेही सांगितलं आणि त्याला बाजार हे नाव दिलं. खडकी बाजार म्हणजे अशा स्थिरावलेल्या बुणग्यांचं गाव. मी हा शब्द मुद्दाम वापरते आहे, आणि त्यात मी आमचंही घर धरते.

1858 मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे धावू लागली. 1869 मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला, जो पुढे 'ॲम्युनिशन फॅक्टरी' म्हणून आणि खडकीत नुसताच 'फॅक्टरी' म्हणून ओळखला गेला. तोफखान्याचं मोठं शस्त्रागारही इथेच होतं. मुंबई इलाख्यातलं ते प्रमुख. 1901 च्या जनगणनेत वस्ती दहा हजारांवर गेलेली दिसते. 2011 मध्ये ती सत्तर हजारांच्या पुढे होती. मधल्या शंभर वर्षांत माणसं आली ती बहुतेक फॅक्टरीच्या आणि डेपोंच्या मागे आली: तामिळ आणि तेलुगू भाषक, कामाठी, कोकणातले आणि देशावरचे मराठे, महार, मुसलमान, गोव्याचे ख्रिस्ती, आणि फाळणीनंतर सिंधी-पंजाबी. 1940 मध्ये महायुद्धाच्या गरजेतून दुसरा, स्फोटकांचा कारखाना आला आणि भरती पुन्हा वाढली.

आता जमिनीबद्दल. ते न सांगता खडकीबद्दल काही बोलणं म्हणजे पाया सोडून घर दाखवणं.

छावणीतली जमीन सरकारची. जुन्या बंगल्यांना 'ओल्ड ग्रँट' नावाची एक अट लागू असते. तिचा अर्थ असा की वरचं बांधकाम तुमचं, खालची माती सरकारची, आणि सरकारला हवी झाली तर बांधकामाची किंमत देऊन, एका महिन्याच्या नोटिशीवर ती परत घेता येते. बाजारातल्या घरांचे भाडेपट्टे वेगळे, कारखान्याची क्वार्टरं वेगळी, पण सूत्र एकच: इथे कोणी मालक नाही. पुण्याच्या पेठेतला माणूस दोनशे वर्षांपूर्वीच्या वाड्याची कागदपत्रं काढून दाखवतो आणि भावाशी कोर्टात भांडतो. खडकीकराला ते भाग्य नाही. त्याला कौलं बदलायची तरी परवानगी, मजला चढवायचा तर परवानगी, आणि ती येईपर्यंत पावसाळा येतो. आमच्या ओळखीच्या एका घरात पोटमाळ्याची उंची हातभर वाढवली म्हणून नोटीस आली. नोटिशीचं उत्तर दिलं, उत्तराला उत्तर आलं. हा पत्रव्यवहार घरातली थोरली मुलगी शाळेत असताना सुरू झाला आणि तिच्या लग्नाच्या अक्षता पडल्या तरी चालू होता.

कारभारही तसाच दुहेरी. 1924 च्या आणि नंतर 2006 च्या कायद्याने चालणारं कॅन्टोन्मेंट बोर्ड, त्याचा अध्यक्ष पदसिद्ध लष्करी अधिकारी, आणि लोकांनी निवडून दिलेले सदस्य त्याच्याभोवती. नळाला पाणी आलं नाही तर नगरसेवकाला शिव्या घालायच्या ही पुणेकराची सोय. खडकीत शिवी कोणाला घालायची हेच धड ठरत नसे.

मालकी नसली की माणूस आठवणी कुठे ठेवतो, हा माझ्या पुस्तकाचा प्रश्न आहे. घरात ठेवता येत नाहीत, कारण घर जाणार. जुन्या खडकीकरांशी बोलत फिरले तेव्हा लक्षात आलं की कोणीही आठवण सांगताना वास्तूपासून सुरुवात करत नाही. 'आमच्या वाड्यात' हे शब्द इथे नाहीत. इथे गोष्ट सुरू होते 'दुसरी पाळी सुटली तेव्हा', 'पगाराचा दिवस होता', 'भोंगा व्हायचा होता'. आठवण वेळेला टांगलेली असते.

भोंग्याबद्दल तर पुस्तकात एक आख्खं प्रकरण आहे. सगळं गाव त्यावर चालायचं, ज्यांचा फॅक्टरीशी सुतराम संबंध नाही तेही. भोंगा झाला की न्हावी दुकान उघडायचा, कारण पहिल्या पाळीचे लोक जाताना दाढी करून जात. इराण्याच्या हॉटेलात पाव येई. आया पोरांना हलवून उठवत. मग डबा लावलेल्या सायकलींचा जो लोंढा फाटकाकडे निघे तो पाहायला आम्ही गॅलरीत उभे राहायचो. फाटकावर झडती. काड्यापेटी आत न्यायची नाही, विडी नाही. दारूच्या विभागात नाल ठोकलेला जोडाही चालत नसे, कारण एक ठिणगी पुरेशी होती. वडील घरी आले की आधी हात धुवायचे, मग पुन्हा धुवायचे, मग चहा. ते आत नेमकं काय करतात हे मला त्यांच्या निवृत्तीपर्यंत माहीत नव्हतं. विचारायचं नसतं हे विचारण्याआधीच कळलेलं होतं. शाळेत 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात आम्ही वर्गातले निम्मे जण 'फॅक्टरी' एवढंच लिहायचो आणि बाईही पुढे विचारत नसत. 1965 आणि 1971 च्या दिवसांबद्दल लोक सांगतात ते युद्धाबद्दल नसतंच. काचांना चिकटवलेल्या काळ्या कागदाबद्दल असतं, आणि ओव्हरटाइमबद्दल. त्या पैशांतून कोणाचं लग्न झालं, कोणाकडे पहिला रेडिओ आला. ऐकताना जरा अवघडायला होतं, पण लोक जसं बोलले तसंच मी छापलं आहे.

गप्प राहण्याच्या या सवयीला छेद देणारा एक प्रसंग पुण्याच्या इतिहासात आहे. 24 जानेवारी 1943 च्या रात्री लष्करातल्या कॅपिटॉल थिएटरात बाँबस्फोट झाला. प्रेक्षकांत गोरे सैनिक होते. त्या कटासाठी लागलेली स्फोटकं पुण्याजवळच्या लष्करी कोठारातूनच थोडी थोडी बाहेर नेलेली होती. कटातल्या भास्कर कर्णिकांनी पकडले गेल्यावर फरासखान्यात विष घेतलं, म्हणजे तोंडातून नावं निघायला नकोत. त्या काळातल्या फाटकावरच्या झडतीच्या गोष्टी खडकीत ऐकायला मिळतात त्या या घटनेच्या आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन भागांत विभागलेल्या असतात.

पेठांचं आणि खडकीचं कधी फारसं जमलं नाही. जुना पुणेकर 'लष्करात गेलो होतो' म्हणतो तेव्हा तो कॅम्पात पाव-बिस्किटं आणायला गेलेला असतो, पण सुरात परदेशी जाऊन आल्याचा भाव असतो. खडकी तर त्याच्याही पलीकडे. 22 जून 1897 च्या रात्री चापेकरांनी रँड आणि आयर्स्ट यांना गाठलं तो गणेशखिंडीचा रस्ता आमच्या वस्तीच्या कुशीतून जातो. गव्हर्नरच्या बंगल्यातला ज्युबिलीचा समारंभ आटोपून ते परतत होते. तो बंगला 1949 पासून विद्यापीठ झाला आणि खडकीतली कितीतरी पोरं, मीही त्यांतली, सायकलीवरून तिथे शिकायला गेली.

पण पेठांतून ज्यांना पाणीही मिळत नव्हतं त्यांच्या नजरेने छावणी पाहिली तर चित्र पालटतं. मुंबई इलाख्याच्या जुन्या पलटणींत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी त्यांची भरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारकडे अर्ज करणारे शिवराम जानबा कांबळे हे पुण्याच्या कॅम्पातच नोकरीला होते. बंदूक मिळाली नाही तरी कारखान्यात, डेपोत काम मिळालं. रोख पगार, दिवसाचे ठरलेले तास, आणि गावकीच्या बाहेरचा पत्ता. खडकीपासून थोड्या अंतरावरचं देहूरोड ही अशीच डेपोभोवती वाढलेली वस्ती. तुकोबांच्या देहूशेजारी 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, आणि पंढरपूरचा विठोबा मुळात बुद्धच, असं तिथल्या भाषणात सांगितलं. धर्मांतराच्या पावणेदोन वर्षं आधीची ही गोष्ट. ती एका लष्करी वसाहतीत घडली यात मला नवल वाटत नाही. जमीन कोणाचीच नसली की ती कुठल्या पाटलाचीही नसते.

सॅपर्सबद्दल लिहिलं नाही तर खडकीत मला कोणी चहा देणार नाही. 'बॉम्बे सॅपर्स' हे इंजिनियर दल आपला जन्म 1820 चा सांगतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्याचं घर खडकीत आहे. सॅपर म्हणजे सगळ्यांच्या पुढे जाऊन रस्ता करणारा, पूल बांधणारा, सुरुंग काढणारा. 28 ऑक्टोबर 1914 ला फ्रान्समधल्या नव्ह शापेल या गावात याच दलाच्या 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या सुरुंग लावायच्या कामावरून थेट संगिनीच्या हल्ल्यात घातल्या गेल्या. त्यांचे सारे ब्रिटिश अधिकारी मेले किंवा जखमी झाले. 1941 मध्ये ॲबिसिनियात प्रेमिंद्रसिंग भगत यांनी चार दिवसांत, सुमारे 88 किलोमीटरच्या वाटेवर, पंधरा सुरुंगक्षेत्रं साफ केली. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. आणि कारवारजवळच्या चेंडिये गावचे रामा राघोबा राणे. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा ते राजौरी या वाटेवरचे अडथळे आणि सुरुंग त्यांनी चार दिवस गोळ्यांच्या माऱ्यात, जखमी अवस्थेत काढले आणि रणगाड्यांना वाट करून दिली. हयातीत परमवीरचक्र स्वीकारणारे ते पहिले. 1994 मध्ये पुण्यातच वारले.

ही नावं यादीतली आहेत आणि योग्यच आहेत. यादीबाहेरचे सॅपर मी रोज पहाटे पाहायचे. अंधारात बुटांचा एकसारखा आवाज यायचा, आधी लांबून, मग खिडकीखालून, मग पुन्हा लांब. सतरा-अठरा वर्षांची पोरं. त्यांची कसमपरेड असली की आदल्या दिवशी खडकी स्टेशनावर गावाकडचे आईबाप उतरत. धोतर, पटका, नऊवारी, हातात लाडवांचा डबा. रस्ता विचारत, आणि विचारताना आधी मुलगा कुठल्या कंपनीत आहे ते सांगत, जणू आम्हाला माहीत असणारच.

युद्धातून परत येणारेही खडकीतच येतात. पहिल्या महायुद्धातल्या जायबंदी सैनिकांना हातकाम शिकवायला 1917 मध्ये मुंबईत निघालेली क्वीन मेरी संस्था पुढे इथे आली. 1974 पासून पाठीच्या कण्याला मार बसून कमरेखालचं किंवा मानेखालचं अंग लुळं झालेल्या जवानांचं केंद्रही इथेच आहे. तिथे चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात. तोंडात कुंचला धरून चित्रं काढणारे आहेत. आमच्या शाळेची सहल म्हणजे एकदा सिंहगड आणि एकदा हे केंद्र. तिथे काय बोलावं ते आम्हाला कळेना. शेवटी एका जवानाने आम्हालाच विचारलं, गृहपाठ झाला का?

खडकीतली सगळ्यात नीटनेटकी यादी मात्र मेलेल्यांची आहे. युद्धस्मशानात दुसऱ्या महायुद्धातल्या 1668 कबरी आहेत, आणि पहिल्या महायुद्धात भारतात मेलेल्या अठराशेहून जास्त सैनिकांची नावं कोरलेलं स्मारक. यांतले फार थोडे खडकीचे. पश्चिम आणि मध्य भारतातल्या लहानमोठ्या दफनभूमींची पुढे निगा राखली जाईल याची खात्री नव्हती, म्हणून तिथल्या कबरी इथे आणल्या. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या सैनिकांचीही नावं आहेत. हिरवळ बोटभर कापलेली, प्रत्येक दगडावर नाव, पलटण, तारीख, वय. वयं वाचू नयेत असं आई म्हणायची. एकोणीस, वीस, बावीस. पुष्कळसे लढाईत मेलेलेच नाहीत. तापाने गेले, अपघाताने गेले. त्या हिरवळीवर उभं राहिलं की हेवा वाटतो असं लिहिलं तर वाईट दिसेल, पण वाटतो खरा. ज्या माळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती हिरवळ राखली त्यांची नावं विचारत फिरले, तेव्हा दोन पिढ्यांमागे कोणालाच जाता आलं नाही.

आता मैदानं. स्वतःची जमीन नसलेल्या या गावाला मोकळी जागा मात्र भरपूर मिळाली. लष्कराला परेडला मैदान लागतं, कारखान्याला लोकांनी संध्याकाळी दारूच्या गुत्त्यावर न जाता खेळावं असं वाटतं, त्यामुळे पुण्याच्या गल्लीतल्या पोराला जिथे दोन टप्प्यांत क्रिकेट आटोपावं लागे तिथे आमच्या पोरांना हॉकीचं पूर्ण मैदान होतं. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची निगा राखणाऱ्या एका तामिळ माणसाची मुलं तिथेच खेळत वाढली. नवी काठी परवडत नसे, तेव्हा मोडक्या काठ्या दोरीने आवळून बांधत. त्यांतला 1968 मध्ये जन्मलेला एक धनराज पिल्ले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, आणि 1998 ला बँकॉकमध्ये आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या संघाचा कप्तान. देशाला त्याचे भुरभुरणारे केस आणि मैदानावरचा राग आठवतो. खडकीला त्याची मराठी आठवते, जी आमच्यासारखीच आहे. बाजारातल्या तामिळ घरांत आईशी तामिळ, गल्लीत हिंदी, आणि भांडण रंगात आलं की मराठी, असा क्रम असतो. नंतर विक्रम पिल्लेही ऑलिंपिकपर्यंत गेला. आडनाव तेच, घर वेगळं.

मी मुलगी, म्हणून कडेला बसून पाहायचे. मला आठवतात त्या मॅचपेक्षा मैदानाच्या कडेच्या बायका. फॅक्टरीतून आलेल्या नवऱ्याला चहा देऊन त्या तिथे येत, चिंचेखाली बसून पालेभाज्या निवडत. अम्मा आणि माझी आई यांची ओळख तिथलीच. शेवगा त्या ओळखीतून आला.

गेल्या काही वर्षांत बरंच भराभर बदललं. 1 ऑक्टोबर 2021 ला आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन देशभरच्या कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. खडकीचे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडियाकडे आले आणि तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे. सरकारी नोकरी म्हणून पोरगी दिलेल्या सासऱ्यांना रातोरात जावई कंपनीत गेल्याचा धक्का बसला. देशातल्या 62 छावण्यांमधला नागरी भाग वेगळा काढून शेजारच्या पालिकांना जोडायचं धोरण आलं, आणि 2023 च्या एप्रिलमध्ये व्हायच्या बोर्डांच्या निवडणुका त्यापायी रद्द झाल्या. डोक्यावरून मेट्रो जाऊ लागली आहे. तिच्या खिडकीतून आजवर भिंतीआड असलेलं बरंच काही दिसतं, आणि ज्यांनी आयुष्यभर त्या भिंतीला लागून सायकल चालवली ते आता तिकीट काढून आत डोकावतात. बाजारातले लोक विलीनीकरणाची वाट पाहतात, कारण मग मजला चढवता येईल. मीही पाहते. चढवावेत, त्यांनी फार वाट पाहिली. फक्त मजले चढले की खालच्या गोष्टी विचारायला कोणी सापडणार नाही, या घाईने हे पुस्तक लिहिलं.

पुस्तकाची मांडणी वर्षांनुसार नाही. प्रकरणं दिवसाच्या वेळांनुसार आहेत, पहाटेच्या बुटांपासून तिसऱ्या पाळीपर्यंत. लोकांनी सांगितलेलं त्यांच्याच बोलीत ठेवलं आहे. 'मंजे', 'काय बोलतो', 'तेरेको सांगितलं ना' यांतलं काही सुधारलेलं नाही. ज्यांनी नाव छापू नका म्हटलं त्यांचं छापलं नाही, आणि अशांची संख्या मोठी आहे. आत काय चालतं ते बाहेर बोलायचं नाही ही चाळीस वर्षांची सवय निवृत्तीने जात नाही. जुन्या मंडळींची स्मृती कागदपत्रांशी जिथे जुळली नाही तिथे दोन्ही दिलं आहे.

एका बाबतीत मात्र माझा निरुपाय झाला. सकाळचा पहिला भोंगा किती वाजता होत असे, हे मी तिघांना विचारलं. तिघेही तीस-तीस वर्षं पहिल्या पाळीला गेलेले. एकाने पावणेसात सांगितलं, दुसऱ्याने सात, तिसऱ्याने सव्वासात, आणि तिघेही ठाम. तिघांना एकत्र बसवलं तर भांडण झालं आणि भजी थंड झाली. शेवटी सगळ्यांत वयस्कर होते ते माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, घड्याळ होतं कोणाकडे? भोंगा झाला की सात वाजायचे."